माझ्या बाजूचा ब्रेक

२० जानेवारी

खारूताई,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी कामाचं. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुना सांधा काढून नवा बसवला, तो नीट बसला आहे. तुला हे कळलेलं असणारच. तुझे बाबा दर रविवारी झाडांना पाणी घालायला म्हणून गच्चीवर जातात आणि झारी खालीच विसरतात, फोन मात्र विसरत नाहीत. मी काही बोलत नाही. झाडं तीन वर्षं पावसाच्या भरवशावर जगली आहेत, आणखी जगतील.

फोन मी करणार नाही. फोनवर माझा आवाज वर्गातला लागतो असं तूच म्हणाली होतीस. कागदाला आवाज नसतो. उत्तर द्यायलाच हवं असंही नाही.

माझे गुडघे आत वळलेले होते ते तुला आठवतंच. लहानपणी तू म्हणायचीस, आईचे गुडघे एकमेकांच्या कानात बोलतात. आता उजवा सरळ केला आहे, तो डाव्याशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, इतका वाकडा गुडघा त्यांनी फार दिवसांनी पाहिला. मी म्हटलं, तीस वर्षं शिकणाऱ्यांच्या शेजारी गाडीत आखडून बसलं की असंच होतं.

घरी आले आहे. चालते. चटईला पाय अडकायचा म्हणून चटई काढून टाकली, तशीही ती जुनीच होती. चप्पल सैल झाली आहे, तीही बदलायची आहे. बाबा रोज न चुकता दूध उतू घालवतात आणि वर मलाच विचारतात, "गॅस कोणी मोठा केला?"

आपली ड्रायव्हिंगची शाळा व्यवस्थित चालू आहे. बॉबकट सगळं बघते. ती तू गेल्यावर लागली, म्हणून तुला माहीत नसेल. हुशार आहे, फक्त आरसे बघायला आळस करते. तिला नाव आहे, पण शिकायला येणाऱ्या बायकांनी तिचं बॉबकट केलं आणि आता तीही त्याच नावाला ओ देते.

चौकातल्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. टेम्पो येत होता, एवढंच.

तू यावंस असं काही कारण नाही. मी ठणठणीत आहे. तुझी खोली झाडलेली असते ती धूळ बसते म्हणून. कागद संपला.

आई


२ फेब्रुवारी

खारूताई,

तर बाबांनी तुला सांगितलं. परवा गच्चीवरून उतरले आणि माझ्याकडे न बघता थेट वर्तमानपत्रात शिरले. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं होतं.

मी म्हटलं, "अहो, काय सांगितलंत तिला?"

"कुणाला?"

"झाडांना."

मग म्हणाले, "पायाचं सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? तू तिला चटईची गोष्ट लिहिलीस म्हणे. चटईचा काय दोष, बिचारीचा?"

आता बाबांनी सांगितलं ते त्यांच्या पद्धतीने, म्हणजे अर्धं रडून आणि अर्धं चुकीचं. म्हणून नीट लिहिते.

गुडघा उत्तम आहे. पण घोट्यापासून खालचा पाय वर होत नाही. खाली दाबता येतो, जोरात दाबता येतो, पण पंजा वर उचल म्हटलं तर तो ऐकत नाही. लोंबतो. चालताना पुढचं टोक जमिनीला घासतं, म्हणून मी गुडघा उंच उचलते, चिखलातून चालल्यासारखी. पावलाच्या वरच्या बाजूला बधिर आहे. पाण्याचा गरम-गार फरक तिथे कळत नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने एक नस जाते, तीच पंजा उचलते. गुडघा वर्षानुवर्षं वाकडा असला की ती नस त्या वाकडेपणाला सरावते. पाय सरळ केला की ती ताणली जाते. फार क्वचित होतं, पण माझ्यासारख्या गुडघ्यांना ती भीती जास्त. ऑपरेशनच्या आधी त्यांनी हे सांगितलं होतं, मी सहीसुद्धा केली होती. सही करताना मी त्यांना विचारत होते की गाडीत बसायला कधी मिळेल.

एक गोष्ट बाबांना माहीत नाही, म्हणून तुलाही माहीत नसेल. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कमरेतल्या इंजेक्शनचा अंमल उतरल्यावर नर्स आली आणि म्हणाली, "आजी, पाय हलवून दाखवा." आजी म्हटल्याचा मला राग आला. मी पाय असा दाबला की पलंगाची पायथ्याची फळी करकरली. ती म्हणाली, "अरे बापरे, काय ताकद आहे!" आणि लिहून घेऊन गेली. मलाही बरं वाटलं. आता तूच सांग, पाय हलवा म्हटल्यावर मी दुसरं काय करणार? माझ्या लेखी चालू पाय म्हणजे वेळेवर दाबला जाणारा पाय. जन्मभर मी त्याची तीच परीक्षा घेतली. तो उचलून बघावा असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले तेव्हा म्हणाले, "अंगठा नाकाकडे करा." मी केला. ते वाट बघत राहिले. मी म्हटलं, "केला की." ते म्हणाले, "नाही केलात." तेव्हा मी खाली पाहिलं.

मग धावपळ झाली. पट्टी सैल केली, गुडघ्याखाली उशी देऊन तो वाकवून ठेवला. तो एक दिवस वाया गेला त्याने काही फरक पडला का, असं मी विचारलं. म्हणाले, बहुधा नाही. "बहुधा" हा शब्द मी पलंगावर पडल्या पडल्या पुष्कळ वेळा उलटून पालटून पाहिला. नस जागी होईल का, हेही विचारलं. म्हणाले, "काही महिन्यांत होईल, थोडी होईल किंवा होणार नाही. आज सांगता येत नाही." नजर न चुकवता सांगितलं, म्हणून मला ते आवडले.

गाडीचं विचारलं तेव्हा मात्र नजर चुकवली.

असो. बाबांवर रागावू नकोस, मीच रागावले आहे तेवढं पुरे.

आई


१५ फेब्रुवारी

खारूताई,

खोकं मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मी कागद उलगडून, खोक्याचा तळ उचकटून पाहिलं. बाबा म्हणाले, "अगं, बूट पाठवलेत ना तिने, मग झालं."

बूट निळे कशाला? माझ्याकडे आयुष्यात काळ्याशिवाय बूट नव्हते. आणि एक माप मोठे. मी परत पाठवणार होते. मग व्यायामाला येणारी फिजिओ मुलगी म्हणाली, "कोणी आणले हे? अगदी बरोबर आणलेत." मला आता प्लॅस्टिकची एक पट्टी वापरावी लागते, पोटरीच्या मागून तळव्याखालपर्यंत येते आणि पंजा लोंबू देत नाही. ती घातली की माझ्या एकाही बुटात पाय जात नाही. याच्यात जातो. पुढून रुंद आहे आणि तोंड अगदी खालपर्यंत उघडतं.

म्हणजे तू कुणाला तरी विचारून घेतलेस. दुकानात उभी राहून माझ्या पायाबद्दल बोललीस. ते वाचून काढता येतं बरं मला, चिठ्ठी नसली तरी.

डाव्या पायात मोठा होतो, तिथे बाबांनी पुठ्ठा कापून घातला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पुठ्ठासुद्धा भिंगातून बघून कापला.

फिजिओ मुलगी तुझ्यापेक्षा लहान आहे आणि मला हुकूम सोडते. "पंजा उचलायचा आहे असा विचार करा. नाही उचलला तरी चालेल, विचार करा." मी म्हटलं, नुसत्या विचाराने गाडी चालत नाही. ती म्हणाली, "मॅडम, सध्या गाडी बंद आहे, बॅटरी तरी उतरू देऊ नका." एवढ्याशा पोरीला हे कुणी शिकवलं कोण जाणे. आता रोज सकाळी खिडकीपाशी बसून मी माझ्या अंगठ्याकडे टक लावून विचार करते. बाबा चहा ठेवून पाऊल न वाजवता निघून जातात, जसं काही मी परीक्षेला बसले आहे.

बुटांबद्दल आभार मानत नाही. आई लेकीचे आभार मानत नाही. पण रोज घालते.

आई


३ मार्च

खारूताई,

हे बाबांना सांगू नकोस. त्यांना अर्धंच माहीत आहे आणि ते अर्धं त्यांना पुरेसं आहे.

मी शाळेत गेले होते. नुसती बसायला. सरावाच्या मैदानावर बॉबकट एका बँकेतल्या बाईंना शिकवत होती. बाई पन्नाशीच्या, अंगठीने स्टिअरिंगवर टकटक करत बसायची सवय, भित्र्या. बॉबकटला फोन आला म्हणून ती उतरली. मी म्हटलं, तोवर मी बसते, पहिल्या गिअरमध्ये एक फेरी घेऊ. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला बरं नाही ना?" मी म्हटलं, गुडघ्याला बरं नव्हतं, आता गुडघाच नवा आहे.

जुन्या पांढऱ्या गाडीतल्या माझ्या त्या सीटवर बसले आणि पाय आपोआप जिथे जातो तिथे गेला, माझ्या बाजूच्या ब्रेकच्या वर. तुला ते माहीत आहे. जरा जास्तच माहीत आहे.

एक कुत्रं आडवं आलं. मी दाबला. गाडी थांबली, कुत्रं गेलं. इथपर्यंत सगळं बरोबर. बाईंनी पुन्हा निघायला ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. मला वाटलं, यांनी हँडब्रेक ओढला की काय. त्या कळवळून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही धरून ठेवलीय का गाडी?"

मी पाय मागे घेतला होता. निदान मला तसं वाटत होतं. त्या दिवशी शाळेत जाताना पट्टी घरी ठेवली होती, कारण पट्टीने पेडल कळत नाही. पाय बधिर, पंजा लोंबून पेडलवर तसाच पडून. शेवटी मांडी दोन्ही हातांनी धरून मी माझा पाय उचलून बाजूला ठेवला, सामान ठेवावं तसा. बाई बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "असू दे. माझ्याकडून तर रोजच बंद पडते." अशी माणसं गाडी शिकायला वेळ लावतात, पण शिकतात.

बॉबकट आली. तिला सांगावं लागलं नाही.

"मॅडम, चावी द्या."

"माझ्या शाळेत मला चावी मागतेस?"

"तुमच्याच शाळेत. भिंतीवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, पायाचा भरवसा नसेल त्या दिवशी गाडीत बसू नये."

दिली. काय करणार? अक्षर माझंच होतं.

ती म्हणते, तुम्ही बसणारच असाल तर तुमच्या बाजूचे पेडल काढून टाकू. मी म्हटलं, दुसरा ब्रेक नसलेली गाडी म्हणजे शाळेची गाडीच नव्हे, साधी गाडी झाली. ती म्हणाली, "मग साध्या गाडीत बसा की. लोक बसतात." आगाऊ आहे.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, ऊन होतं.

तुला का लिहिते आहे हे मलाच नीट कळत नाही. बहुतेक यासाठी की, उचलता न येणारा पाय ब्रेकवर असला की शेजारच्या माणसाचं काय होतं ते त्या बाईंच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. चौकात तू चालवत होतीस आणि ब्रेक मी दाबला, तेव्हाही तो चेहरा मी पाहिला होता, असं मला वाटत राहिलं.

टेम्पो मात्र येत होता.

आई


१८ मार्च

तुझ्याकडे लायसन्स आहे!

दोन वर्षं झाली! आणि हे मला आज कळतं, तेही बाबांच्या तोंडून निसटलं म्हणून. नसांची तपासणी करायची आहे, त्याचं यंत्र इथे नाही, घाटापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागणार. बाबा म्हणाले टॅक्सी करू. मी म्हटलं, घाटात परक्या ड्रायव्हरच्या हाती जीव देणार नाही, तो कुणाकडे शिकला आहे कुणाला ठाऊक. बॉबकटचे वर्ग आहेत. तेव्हा तुझे बाबा चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "मग खारूला बोलवू. ती तर तिकडे सारखी घाटातून ये-जा करते." बिस्किट बुडालं. मी बघत राहिले.

"कशाने ये-जा करते?"

"बसने," ते म्हणाले. मग म्हणाले, "बस म्हणजे, आपली ती..." मग गच्चीवर निघून गेले. झारी घेऊन गेले, पहिल्यांदाच.

अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे की ड्रायव्हिंग स्कूलवाल्या मॅडमच्या मुलीला गाडी येत नाही. किती जणांना मी उत्तरं दिली! तू माझ्याकडे शिकून तीनदा नापास झालीस आणि तिथे कुणा परक्याकडे जाऊन पास? कोण आहे तो? त्याने तुला काय शिकवलं जे मी शिकवलं नाही? रिव्हर्स कुणी शिकवलं? चढावर गाडी थांबवून पुन्हा काढता येते का? हँडब्रेकने की हाफ क्लचवर? हाफ क्लचवर असेल तर क्लचप्लेट दोन वर्षांत जळेल, त्याला सांग.

हे मी रागाने लिहिते आहे आणि खोडणार नाही.

१९ मार्च, सकाळी

कालचं टपालात टाकलं नव्हतं. बाबांना विचारलं. म्हणाले, तो मास्तर म्हातारा आहे, गाडीत पेंगतो. पहिल्या दिवशी तुला म्हणाला, "पोरी, तू चालव, मी जरा डोळे मिटतो."

अशा माणसाचं लायसन्स काढून घेतलं पाहिजे.

पण तू शिकलीस.

तपासणी दहा एप्रिलला आहे. हे मी फक्त माहितीसाठी कळवते.

आई


२९ मार्च

खारूताई,

बाबा म्हणाले, तू येणार आहेस. त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा नाक पुसलं. मी म्हटलं, सर्दी झाली असेल तर वाफ घ्या.

आता सूचना. पांढरी गाडीच न्यायची, नवी वर्गांना लागते. क्लच उंचावर पकडतो. दुसरा गिअर थंड असताना अडतो, त्याला घाई करू नये. उजवा आरसा बोटाने सारखा करावा लागतो. घाटात उतरताना गिअरवर उतरायचं, ब्रेकवर नाही. हे तुला माहीत असेल. तरी लिहिलं. माहीत असलेलं सांगायची मला सवय आहे, ती या वयात जायची नाही.

तुझी एक अट बाबांनी घाबरत घाबरत सांगितली. मी मागे बसावं आणि त्यांनी पुढे. ते पुढे बसले तर प्रत्येक वळणावर डोळे मिटतात, तुला ठाऊक आहे. आणि डॉक्टरांनी मला पाय लांब करून बसायला सांगितलं आहे, मागे ते होत नाही. तेव्हा मी पुढे बसेन. यात भावनेचा काही संबंध नाही, जागेचा आहे.

पायाची व्यवस्था मी करते. तू त्याची काळजी करू नकोस.

खोलीतल्या खिडकीची कडी बदलून घेतली आहे. पूर्वी वाजायची.

आई


१६ एप्रिल

खारूताई,

तू पोचल्याचं बाबांनी सांगितलं. आता गच्चीवर जात नाहीत, खोलीतच बसून बोलतात, आणि "आईला दे" असं तू म्हणालीस की फोन माझ्याकडे असा धरतात जसं काही तो तापलेला आहे. मी दोन वाक्यं बोलते. तू हसतेस. आवाज अजून वर्गातलाच लागतो का, ते तू सांगितलं नाहीस.

प्रत्यक्ष भेटीत काही गोष्टी बोलायच्या राहिल्या, त्या लिहिते.

निघताना तू सीट पुढे घेतलीस, आरसा बोटाने सारखा केलास, आणि चावी न फिरवता बसून राहिलीस. मग समोर बघतच म्हणालीस, "आई, पाय."

मी म्हटलं, "कुठेही नाही माझा पाय."

"ब्रेकवर नाही ना? शपथ?"

"मी शपथा घेत नाही. नाही म्हटलं ना?"

मागून बाबा म्हणाले, "आता निघा, नाहीतर मी उतरतो आणि चालत जातो."

तू निघालीस. माझ्या मांडीवर शाल होती आणि पायाशी रिपोर्टांची मोठी पिशवी. तू दोनदा म्हणालीस, पिशवी मागे ठेव, पाय मोकळे होतील. मी नाही म्हटलं. तुला वाटलं असेल, म्हातारी हट्टी आहे. ते आहेच. पण पिशवी तिथे ठेवायचं कारण वेगळं होतं.

तिच्या मागे काही नव्हतं. आदल्या दिवशी मी मेकॅनिककडून माझ्या बाजूचा ब्रेक आणि क्लच, दोन्ही काढून घेतले. तो दहा वेळा म्हणाला, "मॅडम, नक्की ना? या गाडीला ते पहिल्यापासून आहेत." मी म्हटलं, उचलता न येणारा पाय आणि ब्रेक एकत्र ठेवायचे नाहीत, हा साधा नियम आहे. तो म्हणाला, "नियम बरोबर आहे, पण तुमचा चेहरा तसा दिसत नाही." त्याला मी पाना धरायला शिकवत नाही, त्याने मला चेहऱ्याचं शिकवू नये.

तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण मग तू मोकळी चालवली असतीस आणि मला कळलं नसतं की शेजारी ब्रेक आहे असं वाटत असतानाही तू चालवू शकतेस. आता म्हणशील, हीसुद्धा परीक्षाच घेतली. घेतली. मी दुसरं काय करते?

उत्तम चालवतेस. हे मी तिथे बोलले नाही, कारण ते बोलण्यासारखं नव्हतं, बघण्यासारखं होतं. चढावर दूधवाल्याच्या व्हॅनमागे थांबलीस आणि काढलीस, हँडब्रेकवर, सुईभरसुद्धा मागे सरकली नाही. त्या पेंगणाऱ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते लायसन्सपुरतं कायम आहे.

आता ते वळण. घाटातलं, जिथे डोंगर कापून रस्ता अरुंद होतो. समोरून ट्रक आला, आपल्या बाजूला बराच आत. मला तो तुझ्या आधी दिसला की नंतर ते मी सांगू शकत नाही, कारण त्या वेळी मी तुझ्याकडे बघत होते. तू वेग कमी केलास, गिअर उतरवलास, कडेला एवढीशी जागा होती तिथे गाडी घेतलीस आणि तो जाईपर्यंत उभी राहिलीस. बाबांनी मागे डोळे मिटले होते. मी पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरले होते. ट्रकवाल्याने हात केला, तूही केलास, अगदी रोजची ओळख असावी तसा.

माझा पाय दाबला गेला नाही. दाबायला काही नव्हतंच, पण तरी गेला असता. तीस वर्षांची सवय आहे, ती पेडल बघून येत नाही. तो वर राहू बघत होता, खारू. पेडलच्या वर पाय अधांतरी धरून बसायचं, दाबायचं नाही, फक्त तयार राहायचं, हीच आमच्या धंद्यातली खरी मेहनत. शिकणाऱ्याला वाटतं, आम्ही दाबतो. आम्ही दिवसभर उचलून धरतो. गुडघा त्यानेच तर गेला.

तर मी वर धरू बघत होते, आणि नडगीत आतून कोणीतरी बारीक दोरी ओढल्यासारखं वाटलं. मी खाली पाहिलं. बसायला पट्टी लागत नाही म्हणून ती काढलेली होती, आणि निळ्या बुटाचं टोक पिशवीला टेकलेलं होतं. ते पिशवीपासून सुटलं. थोडंसंच, कागद जाईल एवढं. मग पुन्हा टेकलं. मी मनात म्हटलं, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं.

म्हणून दुपारी त्या डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून, पडद्यावरच्या रेषा बघून सांगितलं की नस मेलेली नाही, हळूहळू परत येते आहे, तेव्हा तू आणि बाबा दोघंही रडलात आणि मी नुसती बसून राहिले. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "तुला आनंद नाही झाला?" मला ते आधीच कळलं होतं, एवढंच. पूर्ण येईल का, हे त्यांनीही सांगितलं नाही. कधीकधी अर्ध्यातच थांबते म्हणे. अर्धी आली तरी माझी ना नाही.

पेडल गॅरेजमध्ये फळीवर आहेत, फडक्यात गुंडाळून. बॉबकट विचारते, परत बसवायचे का? मी म्हटलं, शाळेसाठी नवी गाडी आहे. पांढरी राहू दे साधी. तू आलीस की लागेल.

टेम्पो येत होता, हे माझं मत कायम आहे. तू तो चुकवला असतास, हेही.

आणि हे सगळं मी तुला तिथेच, गाडीत, का सांगितलं नाही असं विचारशील. तू वळण घेत होतीस. वळणावर ड्रायव्हरशी बोलू नये.

पहिल्या पत्रात शेवटी लिहीन म्हटलं होतं ते राहूनच गेलं, दर वेळी कागद संपला. आज जागा ठेवली आहे.

अनेक आशीर्वाद.

तुझी आई